रिमोट कोणाच्या हातात?

मंडळी, टीव्हीचा रिमोट हा काय लेख लिहिण्याचा विषय आहे का, असं आमच्या घरात दोघांनी विचारलं. विचारताना एकाच्या हातात रिमोट होता आणि दुसऱ्याची नजर त्याच्यावर होती, तेव्हा ते मत मी फारसं मनावर घेतलेलं नाही. व्यवसायाने मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर. पुण्यात डिग्री, मग इथे कँटरबरी विद्यापीठात मास्टर्स, आणि तेव्हापासून गेली वीस वर्षं मुक्काम रिकार्टनलाच. या काळात कामानिमित्त बरीच अवाढव्य यंत्रं पाहिली. पण घरात कोणाचं किती चालतं हे या वीतभर डबीइतकं नेमकं दाखवणारं यंत्र काही दुसरं पाहिलं नाही.

आमच्या घरातला पहिला रिमोट म्हणजे मी. १९८५ साली आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यात, आमच्या दोन खोल्यांत टीव्ही आला. लाकडी पेटीचा, शटरवाला, ब्लॅक अँड व्हाइट. तेव्हा मी पाच वर्षांची, घरात सर्वांत धाकटी. "ए, जरा आवाज कमी कर गं", "उजेड वाढव", "बातम्या संपल्या, बंद कर" ही सगळी आज्ञापत्रं माझ्या नावे निघायची. बॅटरी लागत नव्हती, अधूनमधून एखादी लिमलेटची गोळी पुरायची. आपल्यापैकी जे धाकटे असतील त्यांनी ही नोकरी केलेली असणारच. थोरल्यांना ती आठवत नसेल तर नवल नाही.

त्या टीव्हीला चॅनेल बदलायला एक खुंटी होती. पिळली की खटक-खटक आवाज व्हायचा. खुंटीवर आकडे बारा, चित्र मात्र एकाच आकड्यावर. बाकी अकरांवर नुसत्या मुंग्या. पुण्याला १९७३ पासून सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबई दूरदर्शन दिसायचं, आणि आम्हाला तेवढंच दिसायचं. मग बाकीचे आकडे कशाला, असं मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पुढे लागतील." बाबा सरकारी नोकरीत होते, त्यांना दूरचं नियोजन आवडायचं.

खरा 'दूरनियंत्रण' प्रकार होता तो अँटेनाचा. गच्चीवरच्या अँटेनावर कावळा बसला की 'छायागीत'मधल्या नायिकेला दोन नाकं यायची. मग दादा गच्चीवर, मी खिडकीत आणि बाबा खुर्चीत. बाबा हळूच म्हणायचे, "मुंग्या." मी ओरडायचे, "मुंग्याऽऽ!" दादा थोडी फिरवायचा. "आलं, आलं... गेलं! अरे मागे फिरव!" पुढे इंजिनीअरिंगला फीडबॅक हा विषय आला तेव्हा वर्गातल्या मुलांना तो अवघड गेला. मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

एकच वाहिनी असेल तर रिमोटची गरज काय? आणि यात आपण भारतीयच मागे होतो असं समजू नका. इथे क्राइस्टचर्चला टीव्ही सुरू झाला १९६१ च्या जूनमध्ये, म्हणजे मुंबईच्या अकरा वर्षं आधी. पण दुसरी वाहिनी न्यूझीलंडला मिळाली ती १९७५ मध्ये आणि तिसरी १९८९ च्या अखेरीस. रंगाची गोष्ट तर अगदी आपल्यासारखीच. १९७४ च्या जानेवारीत राष्ट्रकुल स्पर्धा याच आपल्या क्राइस्टचर्चला व्हायच्या होत्या, म्हणून तीन महिने आधी, ऑक्टोबर १९७३ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांनी तेच काम केलं. म्हणजे दोन्ही देशांत घरात रंग आला तो खेळाडूंच्या पायांनी!

आमच्या शेजारी एक ऐंशी ओलांडलेले किवी आजोबा राहायचे. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या एका मित्राकडे जुना परदेशी बनावटीचा रिमोटवाला टीव्ही होता. त्या घरी कोणी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकला की टीव्ही आपोआप दुसऱ्या वाहिनीवर जायचा, आणि रिमोट दाबला की कुत्रं कान टवकारायचं. आजोबा हे सांगून डोळे मिचकावायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा थापा मारतोय. पण ते अक्षरशः खरं असणार. कारण ते रिमोट आवाजावर चालायचे.

ती गोष्ट मोठी मजेची आहे. अमेरिकेत झेनिथ नावाची कंपनी होती. तिच्या प्रमुखाला, युजीन मॅक्डोनल्ड यांना, जाहिरातींचा भारी तिटकारा. जाहिरात लागली की खुर्चीतूनच तिचं तोंड बंद करता आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. १९५० साली त्यांनी तारेचा रिमोट काढला. नावच 'लेझी बोन्स', म्हणजे आळशी हाडं. त्याच्या तारेत पाय अडकून माणसं पडायला लागली. मग १९५५ मध्ये युजीन पॉली या इंजिनीअरने बिनतारी 'फ्लॅशमॅटिक' केला. तो चक्क पिस्तुलाच्या आकाराचा टॉर्च होता. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार 'डोळे', आणि ज्या कोपऱ्यावर झोत मारावा ते काम होणार. फक्त संध्याकाळचं तिरपं ऊन खिडकीतून पडद्यावर आलं की तेही वाहिनी बदलायचं. सूर्यनारायणाला कोण सांगणार, बाबा रे, आमच्या बातम्या चालल्या आहेत!

म्हणून पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, रॉबर्ट ॲडलर या व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेल्या शास्त्रज्ञाने वेगळी वाट काढली. रेडिओलहरी वापरायच्या तर त्या भिंतीतून पलीकडे जाणार, आणि आपण वाहिनी बदलली की शेजाऱ्याचीही बदलणार. (आमच्या वाड्यात असा रिमोट आला असता तर अकरा बिऱ्हाडांत मारामाऱ्या झाल्या असत्या.) प्रकाशाचं तर पाहिलंच. उरला आवाज. ॲडलरने डबीत ॲल्युमिनियमच्या छोट्या कांड्या बसवल्या. बटण दाबलं की आत एक हातोडी कांडीवर टपकन बसायची आणि माणसाला ऐकू न येणारा बारीक सूर निघायचा. प्रत्येक कांडीची लांबी वेगळी, म्हणून सूर वेगळा. टीव्हीत ते सूर ओळखणारं मंडल. यात बॅटरीच नव्हती! कंपनीच्या विक्रेत्यांनीच तसं बजावलं होतं म्हणतात, कारण बॅटरी संपली की गिऱ्हाईक समजणार टीव्ही बिघडला. चार कांड्या, चार बटणं: चालू-बंद, वाहिनी पुढे, वाहिनी मागे, आवाज बंद. किल्ल्यांच्या खुळखुळण्यातही तसेच बारीक सूर असतात आणि कुत्र्याला ते ऐकू येतात, एवढाच आजोबांच्या गोष्टीतला चमत्कार. आवाजाचे हे रिमोट जवळजवळ पंचवीस वर्षं चालले. ही चार बटणं मात्र लक्षात ठेवा, पुढे लागतील. (बाबांचं वाक्य.)

आपल्याकडच्या बहुतेक घरांनी हा आवाजाचा जमाना पाहिलाच नाही. आपण एकदम डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या रिमोटवर उडी मारली. तोही एकट्याने नाही आला, केबलचं बोट धरून आला. १९९१ च्या सुरुवातीला आखाती युद्ध झालं, त्याच ऑगस्टमध्ये स्टार टीव्ही सुरू झाला, १९९२ च्या गांधी जयंतीला झी आला. वाड्यावाड्यांच्या पन्हाळींवरून काळ्या तारा लोंबायला लागल्या. बाबांचे ते बारा आकडे अखेर लागले, आणि बघता बघता अपुरे पडले. खुंटी बारा वेळा पिळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची तर मनगटाला मालिश लागली असती. मग आमच्याकडेही १९९३ च्या दिवाळीत रंगीत टीव्ही आला, रिमोटसकट.

त्या रिमोटचं काय कौतुक! टीव्हीला विणलेलं आवरण, तसं रिमोटला मूळ प्लॅस्टिकची पिशवी, वर दोन रबरबँड. पिशवी पिवळी पडली, बटणांवरचे आकडे तिच्याआडून दिसेनासे झाले, तरी काढायची नाही. रिमोट बाबांच्या खुर्चीच्या हातावर असायचा. बाबा ऑफिसला जाताना तो कपाटात जायचा, चष्म्याच्या घराशेजारी. दादाला क्रिकेट असलं की अर्ज केल्यावर मिळायचा. मला दहावीनंतर.

तो चालेनासा झाला की तळहातावर दोनदा आपटायचा, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. का चालतो ते ऐका. पेन्सिल सेलची टोकं आणि आतली स्प्रिंग यांच्यावर कालांतराने गंज-मळाचा पातळ थर बसतो. आपटल्याने किंवा सेल बोटाने जागच्या जागी फिरवल्याने तो घासला जातो आणि वीज पुन्हा वाहते. सेल उन्हात ठेवण्याचा उपायही काही अगदीच वेडगळ नाही, ऊब मिळाली की मेलेला सेल घटकाभर हातपाय हलवतो. एखादंच बटण चालत नसेल तर दोष सेलचा नसतो. रबरी बटणाच्या पोटाशी कार्बनचा काळा ठिपका असतो, तो झिजलेला किंवा तेलकट झालेला असतो. वाड्यातला रेडिओ दुरुस्त करणारा तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून चिकटवायचा. मी इंजिनीअर झाले त्याचं थोडं श्रेय त्या चांदीला आहे.

आत काय चालतं तेही थोडक्यात सांगते. रिमोटच्या टोकाचा दिवा सेकंदाला छत्तीस-अडतीस हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे ट्यूबलाइटच्या आणि उन्हाच्या गर्दीत टीव्हीला आपला दिवा वेगळा ओळखता यावा. त्या लुकलुकीचे लांब-आखूड तुकडे पाडून निरोप जातो. फिलिप्सची एक पद्धत बऱ्याच कंपन्यांनी उचलली होती. तिच्यात एक निरोप म्हणजे १४ खुणा: कोणत्या यंत्रासाठी आणि कोणतं काम. त्यातली एक खूण फक्त एवढंच सांगते की बटण दाबूनच धरलंय की सोडून पुन्हा दाबलंय. ती नसती तर ११ नंबर लावणं मुश्किल झालं असतं, टीव्हीला कळलंच नसतं की एक दोनदा दाबलाय.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या वर्षांत आईच्या हातात रिमोट मी एकदाही पाहिला नाही. पुसताना सोडून. 'दामिनी' दुपारी लागायची, तेव्हा बाबा ऑफिसात आणि रिमोट कपाटात. कपाटाला कुलूप नव्हतं. पण आई पदराला हात पुसत टीव्हीपाशी जायची, पुढच्या पट्टीवरचं बटण दाबायची आणि मालिका संपली की पुन्हा जाऊन बंद करायची. "कशाला उगीच, बिघडला तर?" म्हणायची. 'आभाळमाया' संध्याकाळची, ती तिने पोळ्या लाटता लाटता ऐकली. पाहिली नाही, ऐकली. बाबा वाईट माणूस नव्हते हो. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही आणि तिने कधी मागितला नाही, एवढंच. आपल्या पिढीतल्या बऱ्याच घरांत हे असंच होतं, असं मैत्रिणींशी बोलताना लक्षात आलं.

तेव्हा त्यावाचून तिचं अडलं नाही, कारण टीव्हीवर बटणं होती. रिमोट ही सोय होती. आजच्या टीव्हीवर शोधा बघू बटण! असलंच तर मागे किंवा खाली, हाताला चाचपून सापडणारं एक. रिमोट हाच आता घराचा दरवाजा झाला आहे, आणि भिंत मात्र नुसती गुळगुळीत काच.

मी २००४ साली इथे आले तेव्हा आम्ही चौघी विद्यार्थिनी इलम रोडवर राहत होतो. सेकंडहँड दुकानातून टीव्ही आणला, त्याला रिमोट नव्हता, आणि कोणाचं काही अडलं नाही. मोजून पाच-सहा वाहिन्या. शेवटची आपली गावची, सीटीव्ही. पुढे लग्नानंतरच्या टीव्हीच्या रिमोटवर तिचं बटण सहावं होतं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात मॅड्रास स्ट्रीटवरची सीटीव्हीची इमारत कोसळली, ११५ माणसं गेली. त्यात परदेशातून शिकायला आलेली कितीतरी मुलं होती, आपल्यासारखीच. त्यानंतर बरेच दिवस ते सहावं बटण आमच्याकडे कोणी दाबलं नाही. मग २०१३ च्या एप्रिलअखेर साउथ आयलंडमधलं जुनं प्रक्षेपण बंद झालं, डिजिटल डबा आला, आणि टेबलावर दोन रिमोट झाले. आता तीन आहेत. चौथा हीट पंपाचा.

बाबा २०१९ मध्ये गेले. आई २०२३ च्या मे महिन्यात आमच्याकडे आली, म्हणजे नेमकी थंडीच्या तोंडावर. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत. सकाळी आठ ते चार ती एकटी. रिकार्टन रोडवर बसेस धावतात, मॉलमध्ये माणसांचा पूर असतो, पण आमच्या गल्लीत दुपारी पान हललं तरी ऐकू येतं. तिला मराठी मालिका लावून द्यायची आणि निघायचं, असं ठरलं होतं. मुलगा तिला शिकवायचा: "आजी, आधी हे, मग होम, मग उजवीकडे, उजवीकडे, ओके." आजी मान डोलवायची. डोलवणार नाही तर काय? अकरा वर्षांचा मास्तर भराभर बोलतो.

एका दिवशी मी चार वाजता घरी आले तर आई शाल गुंडाळून सोफ्यावर, हातात विणकाम, समोर टीव्ही चालू. पडद्यावर काही नाही. नुसता निळा रंग आणि कोपऱ्यात 'नो सिग्नल'. सकाळी साडेआठला चुकून कुठलं तरी बटण दाबलं गेलं होतं.

"अगं, फोन का नाही केलास?"

"तू मीटिंगमध्ये असशील. आणि मला वाटलं, येईल आपोआप. आपल्या वाड्यात नव्हतं का, व्यत्यय यायचा, मग यायचं."

खोली गार पडली होती. हीट पंपाच्या रिमोटलाही तिने हात लावला नव्हता. त्या रिमोटची आणखी एक गंमत आहे. त्याच्यावरचे आकडे म्हणजे यंत्राचं उत्तर नव्हे. रिमोट फक्त बोलतो, ऐकत नाही. निरोप पोचला नाही तरी त्याच्या काचेवर २२ अंश दिसतात आणि खोली असते १३ वर. आईने ते आकडे वाचले होते. २२ लिहिलंय म्हणजे खोली २२ आहे, आपल्यालाच थंडी वाजतेय, असं समजून ती बसली होती. शिकल्यासवरल्या माणसानेही तेच समजलं असतं. यात तिची काही चूक नाही, चूक असं यंत्र आखणाऱ्यांची आहे. आमच्याच व्यवसायातली मंडळी ती.

मी त्या शनिवार-रविवारी इरेला पेटले. जुन्या डब्यातून सुटे भाग काढले, पाचच बटणांचा रिमोट बनवते म्हटलं. एका बटणात टीव्ही चालू, दहा सेकंद थांबा, बरोबर ती मालिका. सोल्डरिंगचा वास घरभर. आई शेजारी बसून भाजी निवडत बघत होती. मग उठून आपल्या पाकिटातून टिकल्यांचं पान घेऊन आली, आणि टीव्हीच्या मूळ रिमोटवर स्वतःच्या हाताने टिकल्या लावायला बसली. लाल मोठी: चालू-बंद. दोन मरून बारीक: आवाज कमी-जास्त. हिरवी: 'होम', म्हणजे काही बिनसलं तर घरी परत. बाकीच्या बटणांवर तिने डॉक्टरी पांढरी चिकटपट्टी मारून टाकली. "हे कशाला लागतात?" म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही. एक बटण तर गेल्या चार वर्षांत मीही दाबलेलं नाही.

चार टिकल्या, चार बटणं. ॲडलरसाहेबही १९५६ मध्ये चारावरच थांबले होते. माझा पाच बटणांचा रिमोट अर्धवट राहिला तो राहिलाच.

हीट पंपासाठी भिंतीवर एक साधा तापमापक लावला, कारण खरं तो सांगतो, रिमोट नाही. मालिकेचं ॲप टीव्ही चालू केल्यावर आपोआप उघडेल अशी सोय टीव्हीच्या सेटिंगमध्येच होती, ती शोधायला दहा मिनिटं लागली. तुमच्या टीव्हीतही बहुधा असेल, आई-वडील यायच्या आधी शोधून ठेवा. आणखी एक: रिमोट बंद पडलाय की टीव्ही, हे कळत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकावर धरा आणि बटण दाबा. कॅमेऱ्यात जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठणठणीत आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात बघा, काही फोन हा प्रकाश गाळून टाकतात. नवे काही रिमोट मात्र ब्लूटूथवर बोलतात, त्यांच्या बाबतीत ही युक्ती चालेलच असं नाही.

आई पुढे सहा महिने राहिली. दुपारच्या मालिका झाल्या की तिने स्वतःहून इथली बागकामाची आणि घरं विकण्या-घेण्याची चॅनेलं शोधून काढली. संध्याकाळी नातू क्रिकेटसाठी रिमोट मागायला लागला की म्हणायची, "थांब, एवढं घर कितीला जातंय ते बघू दे." आम्ही तिघंही वाट बघायचो.

ज्यांच्याकडे या हिवाळ्यात आई-वडील येणार असतील आणि घरी चार रिमोटांचं कोडं असेल, त्यांनी जरूर सांगावं. मी शनिवारी सकाळी रिकार्टन हाउसच्या बाजारात असतेच. बंद पडलेला रिमोटही आणा, बघून देईन. पैसे नकोत, चकल्या चालतील. टिकल्यांचं पान मात्र आपापलं आणावं, इथे चांगल्या मिळत नाहीत.